लांब लहरी आणि हौशी माणसे

उज्जैनच्या वेधशाळेत, क्षिप्रेच्या काठी, सम्राट यंत्रावर पडलेली सावली जी वेळ सांगते ती आपल्या मनगटावरील घड्याळाशी जुळत नाही. ऋतुमानाप्रमाणे होणारा काही मिनिटांचा कमीअधिकपणा सोडला, तर सावली घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. ह्यात यंत्राचा दोष काही नाही. आपली घड्याळे साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर लावलेली आहेत, आणि उज्जैन आहे पावणेशहात्तर अंशांवर.

एके काळी हा हिशेब उलट्या दिशेने चाले. सिद्धान्तकारांची मध्यरेखा लंकेपासून निघून अवंतीवरून कुरुक्षेत्राकडे जाई, आणि इतर गावांनी आपली वेळ ह्या रेषेशी ताडून पाहावयाची असे. पण ताडावयाची कशी? दूरच्या दोन गावी एकाच क्षणी दिसेल अशी काहीतरी खूण पाहिजे. सूर्यसिद्धान्ताने ती खूण चंद्रग्रहणात शोधली. चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो तो क्षण सर्वांना एकच. मग मध्यरेखेसाठी गणिताने काढलेली वेळ आणि आपल्या गावी प्रत्यक्ष आलेली वेळ ह्यांतील अंतर म्हणजेच देशांतर. युक्ती नामी होती. परंतु ग्रहणाची वाट पाहत बसावे लागे, आणि नेमके त्याच रात्री आभाळ भरून आले तर पुन्हा पुढच्या ग्रहणापर्यंत स्वस्थ बसणे आले.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने बांधलेल्या ह्या वेधशाळेचा जीर्णोद्धार माधवराव शिंदे ह्यांच्या कारकिर्दीत, १९२३ च्या सुमारास झाला, आणि गोविंद सदाशिव आपटे ह्या मराठी ज्योतिर्विदांकडे तिची व्यवस्था आली. त्या सुमारास ग्रहणाची जागा जगभर एका निराळ्याच खुणेने घेतली होती. २३ मे १९१० पासून पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून बिनतारी यंत्राने वेळेचे ठोके पाठविले जाऊ लागले होते. लहर सुमारे दोन हजार मीटर लांबीची. ते ठोके ऐकावयास फार सामग्री लागत नसे : एक लांब तार, गॅलिना नावाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार आणि कानाला लावण्याचे श्रवणयंत्र. फ्रान्समधील घड्याळजी, शाळामास्तर, खेड्यातील धर्मगुरू असे किती तरी लोक घरच्या घरी हे साहित्य जुळवून पॅरिसची वेळ ऐकू लागले. लांब लहरींवरील हौशी प्रयोगांचा आरंभ मी येथून धरतो. १९२६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अशाच लांब लहरींच्या ठोक्यांवरून साऱ्या पृथ्वीचे रेखांश नव्याने मोजण्यात आले. अल्जिअर्स, शांघायजवळची झिकावेई येथील जेझुइट पंथीयांची वेधशाळा आणि अमेरिकेतील सॅन दिएगो ही त्या कामाची तीन मुख्य ठाणी होती. आपल्या देशातून डेहराडूनने त्यात भाग घेतला. सूर्यसिद्धान्ताचीच रीत ती. ग्रहणाच्या जागी रेडिओचा ठोका आला, एवढाच फरक.

ऐकणे असे सर्वांना मोकळे होते. बोलण्याचे मात्र तसे नव्हते, आणि माझ्या आजच्या विषयाची मेख तेथेच आहे.

रेडिओच्या लहरीची मीटरमधील लांबी आणि किलोहर्ट्झमधील कंप्रता ह्यांचा गुणाकार नेहमी तीन लाख येतो. (जुनी मंडळी किलोसायकल म्हणत; मोजमाप तेच.) लहर लांब तितकी तिची कंप्रता कमी. स्वीडनमधील ग्रिमेटन येथे १९२४ साली जे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले त्याची कंप्रता १७.२ किलोहर्ट्झ होती. भागाकार केला, तर एकेक लहर साडेसतरा किलोमीटरांच्या जवळपास येते. म्हणजे उज्जैनहून निघालेली एक लहर देवासच्या निम्म्या वाटेपर्यंत पोचली म्हणावयाचे. अशी लहर नीट फेकावयाची तर एरियल निदान तिच्या चतुर्थांशाएवढे उंच असावे असे शास्त्र सांगते. चार किलोमीटर उंचीचा मनोरा कोण बांधणार? ग्रिमेटनला १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे ओळीने उभे करून काम भागविले. इंग्लंडमध्ये रग्बीचे केंद्र १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झाले, त्याचे मनोरे २५० मीटर उंच आणि संख्येने बारा. डच लोकांनी जावा बेटावर मलबार नावाच्या डोंगराच्या घळीवर तारा ताणून, डोंगरालाच मनोऱ्याचे काम दिले. असल्या कामास राज्याची तिजोरी लागे, किंवा मार्कोनीच्या कंपनीसारखी बलाढ्य कंपनी.

मग इतका खटाटोप लांब लहरींसाठीच का? कारण दूर जाण्याचा दुसरा मार्गच नाही अशी त्या काळच्या जाणत्यांची खात्री होती. मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगाने तार वर चढवून अटलांटिकपलीकडून आलेले एस अक्षराचे तीन ठोके ऐकले. त्यानंतर तो अधिकाधिक लांब लहरींकडे वळत गेला. १९१० च्या सुमारास अमेरिकन नौदलासाठी काम करणाऱ्या लुई ऑस्टिन ह्यांनी समुद्रावर मोजमापे घेऊन सूत्र बसविले : लहर जितकी आखूड, तितकी ती वाटेत लवकर विरते. मोजमापे प्रामाणिक होती. परंतु आखूड लहर जेथवर विरत गेली तेथवरच ती घेतलेली होती, आणि पुढचा सारा प्रदेश कागदावर रेघ लांबवून ठरविला होता. शेकडो मैलांच्या मौनानंतर तीच लहर पुन्हा ऐकू येईल, हे पाहावयास त्या मौनाच्या पलीकडे जाऊन कोणी कानच लावला नाही. सूत्र चुकीचे नसतानाही माणसे कशी चुकतात ह्याचे हे उदाहरण मी वर्गात अनेकदा देतो.

ह्या खात्रीच्या जोरावर १९१२ साली अमेरिकेत कायदा झाला. त्या देशात तोवर हजारो पोरेसोरे घरच्या यंत्रांनी ठिणग्या पाडीत होती आणि नौदलाच्या संदेशांत त्यांचा व्यत्यय येई. त्यांना एकदम बंदी न करता सरकारने दोनशे मीटर व त्याहून आखूड लहरी देऊन टाकल्या. मोठ्या वाड्याचे वाटे होताना धाकट्याच्या पदरी गोठ्यामागची पडीक जागा यावी, तसा हा प्रकार होता. आखूड लहरी पंचवीस-पन्नास मैलांपुढे जाणार नाहीत आणि मुले आपोआप कंटाळतील असाच त्यातील मनसुबा असावा. मुले कंटाळली नाहीत.

डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी मंडळींनी पॉल गॉडले नावाच्या आपल्या एका कुशल सोबत्याला स्कॉटलंडला धाडले. आर्ड्रॉसन गावाजवळ, समुद्रकाठच्या ओल्या शेतात तंबू ठोकून तो हिवाळ्याच्या रात्री कान लावून बसला आणि दोनशे मीटरांच्या आसपासच्या लहरींवर अमेरिकेतील दोन डझनांहून अधिक हौशी केंद्रे त्याने ऐकली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९२३ च्या अखेरीस, फ्रान्समधील नीसचा लेआँ दलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल ह्यांनी शंभर मीटरांच्या आसपासच्या लहरीवर अटलांटिकच्या दोन काठांवरून एकमेकांशी प्रश्नोत्तरे केली. ह्या सर्वांच्या यंत्रांची शक्ती रग्बीपुढे पणतीएवढी होती.

ह्यानंतरची हकीकत शाळेतील आहे, आणि शाळामास्तराने तेथे थोडे रेंगाळावे हे श्रोते समजून घेतील. लंडनच्या मिल हिल शाळेला टू-एस-झेड ह्या नावाने एक हौशी केंद्र चालविण्याचा परवाना होता. तेथे सेसिल गॉयडर नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी ते केंद्र सांभाळी. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी त्याने पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाशी, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मेंढ्यांच्या कुरणात राहणाऱ्या फ्रँक बेल ह्याच्याशी बिनतारी संभाषण केले. लंडनहून त्याहून दूर जावयास पृथ्वीवर फारशी जागाच उरत नाही. बेल ह्याची बहीण ब्रेंडा हिने पुढे तेच यंत्र हाती घेतले आणि तीही नामांकित हौशी ठरली. एका शाळेने एका मुलाला एक खोली, एक तार आणि रात्री जागण्याची मुभा दिली होती. त्यातून हे घडले.

हे सर्व श्रेय हौशींनाच द्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. मार्कोनी व त्याचा सहकारी फ्रँक्लिन हे १९२३ साली ९७ मीटरांच्या लहरीवर स्वतंत्र प्रयोग करीत होते. पोल्धूहून निघालेली ती लहर केप व्हर्ड बेटांजवळ मार्कोनीच्या इलेट्रा जहाजावर उत्तम ऐकू येई, आणि पाठविण्याची शक्ती पुष्कळ कमी केली तरीही ऐकू येई. ज्या माणसाने लांब लहरींची साम्राज्ये उभी केली त्यानेच त्यांच्याकडे पाठ फिरवावी, ह्याला मोठे मन लागते. पण व्यापाऱ्याच्या प्रयोगशाळेत जे कळते ते कुलपात राहते. हौशींनी केले ते सर्व जगाच्या कानावर पडले, आणि म्हणून जुन्या मतावर अडून बसणे कोणाला शक्य राहिले नाही.

आता हे सारे आपल्या महाराष्ट्रात कोठे येऊन पोचते ते पाहू. साम्राज्याचे सर्व भाग बिनतारी केंद्रांच्या साखळीने जोडण्याची कल्पना १९११ पासून ब्रिटिश सरकारपुढे होती. त्या साखळीत हिंदुस्थानही होता, आणि केंद्रे अर्थातच प्रचंड लांब लहरींची व्हावयाची होती. कंत्राटावरून पार्लमेंटात गाजलेले प्रकरण, मग महायुद्ध, मग समित्यांमागून समित्या. दहा-बारा वर्षे निघून गेली. हा विलंब आपल्या पथ्यावरच पडला असे मला वाटते. वैशाख-ज्येष्ठातील वळवाच्या विजा आणि त्यांचा रेडिओतील खरखराट ज्याने ऐकला आहे, त्याला लांब लहरींचे हे केंद्र येथे कसे चालले असते ते सांगावे लागत नाही. विजेचा हा उपद्रव लांब लहरींवर सर्वांत अधिक, आणि उष्ण कटिबंधात तर बारमाहीच.

जुलै १९२४ मध्ये करार झाला तो लघुलहरींच्या ‘बीम’ पद्धतीचा. म्हणजे लहरी चहूकडे न उधळता आरशाने उन्हाचा कवडसा पाडावा तशा एकाच दिशेला फेकावयाच्या. हिंदुस्थानसाठी पाठविण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचे केंद्र दौंडला उभे राहिले. दोन्ही एकाच जागी का नाहीत? शेजारी ढोल वाजत असता कुजबुज ऐकू येत नाही, म्हणून. इंग्लंडमध्ये समोरची केंद्रे ग्रिम्सबी आणि स्केगनेस येथे होती. ६ सप्टेंबर १९२७ रोजी ही वाट सर्वांसाठी खुली झाली. दिवसा सुमारे १६ मीटर आणि रात्री सुमारे ३४ मीटर लांबीच्या लहरी वापरीत. दौंडच्या माळावर, ज्वारीच्या शेतांपलीकडे, लंडनचे शब्द उतरू लागले. १८७० पासून मुंबईला समुद्रातील तारांनी विलायतेशी जोडलेले होते. त्या तारांच्या कंपन्यांना बीमच्या स्वस्त दरांपुढे टिकाव धरणे इतके कठीण झाले की १९२९ साली साम्राज्याच्या तारा व बिनतारी दोन्ही एका छत्राखाली आणाव्या लागल्या. आपल्याकडील कंपनी १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ताब्यात घेतली आणि ‘ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस’ हे खाते जन्मास आले.

मिल हिलच्या त्या मुलाचे पुढे काय झाले? १९३६ साली तो हिंदुस्थानात आला, ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून. त्याच वर्षी ८ जूनला नभोवाणीने हे नाव धारण केले होते. हाती पैसा थोडा आणि देश अफाट. मध्यम लहरींचे केंद्र एखाद्या शहराला आणि भोवतालच्या मुलुखाला पुरे. सबंध देशाला पुरेल इतकी केंद्रे बांधणे खिशाला परवडणारे नव्हते. गॉयडर ह्यांनी शहरांसाठी मध्यम आणि देशासाठी लघुलहरी अशी सांगड घातली, आणि १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता येथे लघुलहरींची प्रक्षेपके उभी राहिली. माळव्यात स्वतःचे नभोवाणी केंद्र इंदूरला १९५५ साली झाले. तोवर येथील घरांत जो आवाज येई तो बहुधा ह्याच लघुलहरींवर स्वार होऊन येई.

लघुलहरींचा एक उपयोग मात्र सरकारच्या हिशेबात नव्हता. आपल्याकडे अमरेंद्रचंद्र गुप्त ह्यांनी १९२१ साली परवाना मिळविल्यापासून हौशींची एक लहानशी परंपरा निर्माण झाली होती. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच त्यांना आपली प्रक्षेपके सरकारच्या हवाली करावी लागली. असे असूनही १९४२ च्या आंदोलनात मुंबईत काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि शिकागो रेडिओचे नानक मोटवानी ही मंडळी त्या उद्योगात होती. लहर बेचाळीस मीटरांच्या आसपासची. एका घरातून दुसऱ्या घरात यंत्र हलवीत, पोलिसांना चुकवीत हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले जाईपर्यंत चालले. आता चतुर्थांशाचा तो नियम येथे लावून पाहा. बेचाळीस मीटरांच्या लहरीला दहा-साडेदहा मीटर तार पुरते. ती चाळीच्या गच्चीवर कपडे वाळत घालावयाच्या दोरीत लपून जाते. ग्रिमेटनची लहर लपविण्याजोगी चाळ मुंबईत नाही. दूर बोलण्याचा मार्ग केवळ लांब लहरींचाच राहिला असता, तर तो सरकारखेरीज कोणाच्याही हाती लागला नसता.

आखूड लहरींच्या ह्या चमत्काराचे कारण थोडक्यात सांगतो. पृथ्वीपासून शंभर-तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्यप्रकाशाने विद्युत्भारित झालेले थर आहेत. इंग्लंडमध्ये ॲपल्टन ह्यांनी १९२४ च्या अखेरीस त्यांचा प्रत्यक्ष पुरावा दिला, आणि कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र ह्यांनी आपल्या आकाशातील थरांचा अभ्यास केला. लघुलहर वर जाऊन ह्या थरावरून वळते आणि चेंडूसारखी दूर कोठे तरी टप्पा घेते. मधला प्रदेश कोरडा राहतो. लांब लहर मात्र जमीन आणि थराची खालची बाजू ह्यांच्यामधून पाटातील पाण्यासारखी वाहत जाते. ती टप्पे घेत नाही, आणि थरांच्या लहरीपणाचा तिला फारसा त्रासही होत नाही. म्हणून ती कायमची निकालात निघाली नाही. समुद्राच्या पाण्यात काही मीटर खोल शिरण्याची ताकद तिच्यातच आहे. पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी आपल्या नौदलाने तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात १९९० साली आय.एन.एस. कट्टबोम्मन हे अतिदीर्घ लहरींचे केंद्र उभारले.

आणि हौशी? ज्या लांब लहरींवरून १९१२ साली त्यांना हुसकावून लावले होते, त्यांच्याच दारात ते पुन्हा येऊन उभे राहिले. युरोपातील काही देशांनी १९९८ च्या सुमारास १३६ किलोहर्ट्झची, म्हणजे सुमारे २२०० मीटरांची, एक अरुंद पट्टी हौशींना दिली. २००१ साली ह्या पट्टीवर अटलांटिक ओलांडून दुतर्फा संभाषण झाले, आणि २००७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ती जगभरच्या हौशींसाठी मान्य केली. अट अशी की एरियलमधून बाहेर पडणारी शक्ती एका वॉटहून अधिक नसावी. हातातील विजेरीच्या बल्बाएवढी. खरे तर तेवढी बाहेर काढणेही सोपे नाही. घरामागच्या आवारात पंधरा-वीस मीटर उंच तार उभारली, तर यंत्राने दिलेल्या शेकडो वॉटपैकी बहुतेक सारी शक्ती जमिनीत आणि तारेत उष्णतेच्या रूपाने जिरून जाते.

एवढ्याशा शक्तीने समुद्र कसा ओलांडला? सावकाशीने. सिंहस्थाच्या गर्दीत हरवलेल्या म्हातारीचे नाव एकदाच घाईने पुकारले तर कोणाच्या लक्षात येत नाही. संथपणे, पुनःपुन्हा पुकारले की शेवटी गलक्यातूनही ते कानात शिरते. हौशींनी मोर्सचा एक ठिपका तीस सेकंदांचा, प्रसंगी साठ सेकंदांचा केला. संकेत जितका सावकाश, तितकी त्याला लागणारी पट्टी अरुंद, आणि पट्टी जितकी अरुंद तितका खरखराट तीत कमी शिरतो. इतका संथ ठिपका कानाला कळत नाही. संगणकाच्या पडद्यावर तो एखाद्या फिकट रेघेच्या रूपाने उमटतो. साठ सेकंदांच्या ठिपक्याने मार्कोनीचे ते एस अक्षर पाठवावयास पाच मिनिटे लागतात. दोन केंद्रांनी एकमेकांची नावे सांगून ‘ऐकू आले’ एवढे कळविण्यात रात्र संपते. जर्मनीतील हौशींनी तर २०१० साली ९ किलोहर्ट्झच्याही खाली प्रयोग केला, आणि त्यासाठी शेकडो मीटर तार वर चढविली ती पुन्हा पतंगानेच.

ह्यातून व्यवहारात काय मिळते, असे माझा एक विद्यार्थी विचारीत होता. संदेश पाठविण्यास आज कोणाला ह्याची गरज नाही. पण मोठ्या मनोऱ्यावाचून दीर्घ लहर दूर जाणार नाही हे विधान शंभर वर्षे ग्रंथांत होते, आणि ते एका वॉटने खोटे पाडले.

ग्रिमेटनचे केंद्र आजही उभे आहे. २००४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. नळ्यांच्या व अर्धवाहकांच्या आधीच्या काळातील त्याचे फिरते यंत्र, प्रचंड विद्युत्जनित्रासारखे घरघरणारे, वर्षातून एक-दोन वेळा मुद्दाम चालवितात. त्यातील एक दिवस नाताळच्या आदल्या दिवशीचा. त्या सकाळी एस-ए-क्यू ह्या त्याच्या नावाने मोर्समधून शुभेच्छांचा संदेश निघतो आणि देशोदेशीचे हौशी तो ऐकून पोचपावत्या धाडतात. १७.२ किलोहर्ट्झ ही कंप्रता ध्वनीच्याच टापूत येते, त्यामुळे निराळ्या रेडिओचीही आवश्यकता नसते. संगणकाच्या ध्वनिफलकाला लांब तार जोडून पुष्कळ जण तेवढ्यावर काम भागवितात. स्वीडनमध्ये तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. येथे दुपारचा दीड, आणि सम्राट यंत्रावर एक वाजून गेलेला असतो.